गोणपाटाचं निशाण

लालासाब जमादारानं चपलेच्या टोकानं बांबूच्या नव्या चौकटीचा पाय जोरात ढोसला आणि ती हलते का पाहिलं. ती हलली नाही, म्हणून तो जास्तच चिडला.

“सुतारा, हितं नेमबाजी शिकवत्यात. वांग्यावरची पाखरं हाकायची न्हाईत. जा, शेतात उभं कर हे बुजगावणं.”

मुडशिंगीचा आकाराम सुतार उकिडवा बसून बांबूच्या भोकात लाकडी खुंटी ठोकत होता. त्यानं मान वर केली नाही. महाराजांच्या शिकारखान्यावर नव्यानं आलेल्या कारभाऱ्यांनी त्याला हे काम सांगितलं होतं. जंगलातल्या मुक्कामावर शिपायांना सराव करता यावा, असं हलकं निशाण हवं. एका माणसाच्या खांद्यावर जाणारं. आकारामनं पुढे दोन बांबू आणि मागे एक असं घडीचं तिकाटणं केलं, वर आडवी काठी बांधली, गोणपाट सुतळीनं ताणलं आणि त्यावर खळीनं कागद डकवून मधोमध काजळीचा ठिपका काढला. खिळा एकही नव्हता, कारण लोखंडावर आदळलेली गोळी कुठं उडेल याचा भरवसा नसतो.

“खिळे घ्यायची बी ऐपत दिसत न्हाई,” लालासाब शिपायांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला. शिपाई हसले. त्याच्या बंदुकीपेक्षा त्याच्या जिभेला सगळे जास्त भीत.

तीस वर्षं शिकारखान्यात काढलेल्या या माणसाच्या नजरेत कुणी भरतच नसे. कारभारी बुकं वाचून झालेले शिकारी, शिपाई भाकरीपुरते शिपाई, आणि सुतार म्हणजे पाळण्याला लाल रंग फासणारी जात. त्याच्या लेखी निशाण एकच, माळावरच्या मातीच्या ढिगात रोवलेला लोखंडी पत्रा. मधोमध गोळी बसली की तो घुमायचा आणि कडेला बसली की नुसता किरकिरायचा.

खरी गोम इथंच होती. दोन वर्षं झाली, लालासाबला लांबचं काही धड दिसत नव्हतं. पत्र्याच्या आवाजावरून तो निकाल सांगायचा आणि लोक त्याच्या नजरेची तारीफ करायचे. गोणपाट मुकं. कारभाऱ्यांना हे कळलं, तर बंदूक जमा होणार. आणि बंदूक गेल्यावर मोहल्ल्यात त्याला कोण विचारणार? हे बांबूचं सोंग आजच मोडीत निघायला हवं होतं.

दुपारी कारभारी आले. चौकट शंभर पावलांवर उभी राहिली. शिपाई गुडघा टेकून बसला आणि लालासाब त्याच्या मागं उभा राहिला. बार झाला. लालासाबनं निशाणाकडे बघितलंच नाही. शिपायाचा खांदा कसा हलला, तेवढं बघितलं.

“वर गेली. वीतभर.”

आकाराम धावत जाऊन बघून आला. “वीतभर वरच हाय, सरकार.”

लालासाबचा जीव भांड्यात पडला आणि लगेच जीभ सुटली.

“असल्या नेमानं ससा बी मरायचा न्हाई. मार दुसरी.”

माळावर वारं उठलं होतं. दुसरा बार झाला. या खेपेला खांदा उजवीकडून दाबला गेला होता.

“डावीकडं. दोन बोटं.”

शिपाई एकमेकांकडे बघू लागले. आकाराम जागचा हलला नाही.

“काय म्हणालात, जमादार?” कारभाऱ्यांनी विचारलं.

“डावीकडं, दोन बोटं! ठिपक्याला चाटून गेली. डोळं हायत न्हवं सगळ्यांस्नी?”

मागं कुणीतरी हसू दाबलं. तेवढ्यात आकाराम मोठ्यानं म्हणाला, “बरुबर हाय, सरकार. गोणपाटाचं फडकं वाऱ्यानं उडायच्या आधी लागली, म्या बघितली की. माझीच गाठ कच्ची. ही चौकट कामाची न्हाई. जमादार सकाळपास्नं त्येच सांगत व्हतं.”

लालासाबच्या कानशिलांत रक्त चढलं. फडकं उडून गेलं होतं, आणि तो रिकाम्या बांबूंमध्ये बोटं मोजत बसला होता. हे साऱ्या माळानं पाहिलं होतं. त्याला झाकायला या सुतारानं स्वतःच्या हातचं काम मातीत घातलं होतं. शिवी असती तर त्यानं परतवली असती. ही कीव त्याला गिळवेना.

“तोंड मीट,” तो आकारामवर खेकसला. “सरकार, चौकट चांगली हाय. सकाळी लाथा घातल्या, तरी हलली न्हाई. फडकं उडाल्यालं मलाच दिसलं न्हाई. दोन वर्सं झाली, लांबचं काय बी दिसत न्हाई.”

त्यानं खांद्यावरची बंदूक काढून पुढे केली. ‘राहू द्या, जमादार,’ असं कारभारी म्हणतील, अशी वेडी आशा त्याला वाटली. कारभाऱ्यांनी बंदूक घेतली.

“आणि तू रं,” तो शिपायाला म्हणाला, “चाप ओढतोस का म्हशीचं दावं?”

या वेळी कुणी हसलं नाही. तो माळ उतरायला निघाला, तसा आकारामनं पुढं होऊन त्याचा दंड धरला.

“सोड!” लालासाबनं हात झिडकारला. “आंधळा समजतोस व्हय मला?”

चार पावलांवर दगडांचा उतार लागला. लालासाब थांबला. मागं वळून न बघता त्यानं आपला हात मागं केला.