तिसऱ्या सिलिंडरचा दोष

दवाखान्याच्या वाटेवरचा चढ लागला आणि डॉक्टरांची गाडी पुन्हा मिसिंग करू लागली. गाडी त्यांच्या वडिलांच्या उमेदीच्या काळातली, गोल दिव्यांची, चार सिलिंडरची. गचके देत, धापा टाकत ती कशीबशी वर पोचली. सायलेन्सरमधून फट् फट् आवाज निघत होते आणि रस्त्यावरची माणसं वळून पाहत होती.

“गॅरेजवाल्या मिस्त्रींना एकदा दाखवून तरी बघा,” शेजारी बसलेली बायको म्हणाली.

“त्या चोराचं नाव काढू नकोस. चांगले पार्ट काढून घेतले आणि भंगार बसवलं त्याने. सर्व्हिसिंग करून आणली आणि दोन महिन्यांत ही दशा. आणखी काय पुरावा पाहिजे?”

हे बायकोने आता तोंडपाठ होईपर्यंत ऐकलं होतं. आणि तिनेच कशाला, सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या सगळ्या मंडळींनी ऐकलं होतं. डॉक्टर दातांचे, हाताला गुण असलेले, बोलायलाही गोड. बागेतल्या बाकावर त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी मिस्त्रींची हकीकत रंगवून सांगितली, ऐकणाऱ्यांनी आपापल्या घरी नेली. मंडळींतल्या बऱ्याच जणांच्या गाड्या वर्षानुवर्षं मिस्त्रींच्या गॅरेजला जात होत्या. त्या एकेक करून तिथे जायच्या बंद झाल्या. मिस्त्रींना मात्र कुणी काही विचारलं नाही.

शेवटी डॉक्टरांनी गाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला नेली. तिथे जुन्या इंजिनांचं काम करणारी एक बाई होती. पन्नाशीची, चष्मा कपाळावर, बोलणं मोजकं. सगळे तिला मावशी म्हणत.

मावशींनी गाडी चालू ठेवली आणि प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या, परत लावल्या. पहिली काढली तसं इंजिन जास्तच अडखळलं. दुसरीला तेच, चौथीला तेच. तिसरी काढली तेव्हा मात्र आवाजात काडीचा फरक पडला नाही.

“तिसरा सिलिंडर कामच करत नाहीये,” त्या म्हणाल्या. “काढला काय, ठेवला काय, इंजिनाला पत्ता नाही.”

“म्हणजे प्लग खराब. मी म्हणतच होतो, त्याने जुने प्लग घातले असणार.”

मावशींनी प्लग काढून ठिणगी दाखवली. ठिणगी झकास पडत होती. मग त्यांनी सगळे प्लग काढून प्रत्येक भोकात कॉम्प्रेशनचं, म्हणजे आतला दाब मोजायचं मीटर लावलं आणि डॉक्टरांना स्टार्टर मारायला सांगितलं. तीन सिलिंडरांत काटा एकशेचाळीसच्या आसपास गेला. तिसऱ्यात तिसावरच अडला. त्यात चमचाभर ऑइल सोडून त्यांनी पुन्हा पाहिलं. काटा तिथेच.

“पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने काटा वर आला असता. तेव्हा रिंगा ठीक आहेत. व्हॉल्व्हमधून दाब निसटतोय.”

त्यांनी वरचं झाकण उघडलं. व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा टॅपेट यांच्यातली फट मोजायची पातळ पट्टी घेऊन त्या वाकल्या. तिसऱ्या सिलिंडरच्या एका व्हॉल्व्हपाशी पट्टी आत जाईना. सगळ्यात पातळ पट्टीही जाईना.

“इथे फटच ठेवलेली नाही. व्हॉल्व्ह तापला की लांबतो, त्याला जागा लागते. जागा नसली तर तो नीट मिटत नाही, मग जळका गॅस तिथून निसटत राहतो आणि व्हॉल्व्हची कड जाळतो. टॅपेटला हात कुणी लावला?”

एका रविवारची दुपार डॉक्टरांना लख्ख आठवली. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात कुणीतरी हसून म्हणालं होतं, तुमची गाडी शिवणयंत्रासारखी वाजते. ते त्यांना लागलं होतं. सर्व्हिसिंगच्या वेळी मिस्त्री म्हणाले होते, “थोडी टिकटिक राहू द्या डॉक्टर, ती हवीच.” अंगचोरपणा करतोय, असं समजून डॉक्टरांनी घरी स्वतःच पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेतला आणि आवाज बंद होईपर्यंत एकेक टॅपेट आवळला होता, तिसऱ्या सिलिंडरचा सगळ्यात जास्त.

“त्यानेच,” ते म्हणाले. “मिस्त्रीने.”

मावशींनी बोटाने एक नट दाखवला. त्याचे कोपरे झिजून गोल झाले होते, शेजारी स्क्रूड्रायव्हर घसरल्याचे ओरखडे होते.

“हा सराईत हात नाही, डॉक्टर. मापाचा पाना नसलेल्या माणसाचं काम आहे हे.”

डॉक्टरांनी त्या नटावरून बोट फिरवलं. ते म्हणाले, “मी केलं. आणि बागेत सगळ्यांसमोर मिस्त्रीला चोर म्हणालो.”

मावशी ओरडल्या नाहीत. हात पुसत त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे दाढ दुखते म्हणून माणूस आला, तर न बघताच उपटता का?”

“नाही.”

“फोटो काढता, ठोकून बघता, कुठे दुखतं ते विचारता. मग मिस्त्रीच्या अब्रूला एवढंही नाही? हात काळे असतात म्हणून आम्हाला चोर म्हणणं सोपं पडतं. लोकांना लगेच पटतंही.”

डॉक्टर तिथूनच मिस्त्रींच्या गॅरेजवर गेले. शटर बंद होतं. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, मिस्त्री आता पेट्रोल पंपावर टायरात हवा भरतात.

पंपावर मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. हातातली हवेची नळी त्यांनी खाली ठेवली नाही.

“चूक माझी होती, मिस्त्री. मला माफ करा.”

“इथे मला एकट्याला सांगताय,” मिस्त्री म्हणाले. “बोललात कुठे?”

“बागेत,” डॉक्टर म्हणाले.

“माझ्या मुलीला वर्गात एकीने विचारलं, तुझे बाबा पार्ट चोरतात ना? घरी येऊन तिने मला विचारलं. मी नाही म्हणालो. ती बरं म्हणाली. पण तिला पटलं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बागेत गेले आणि बाकावर न बसता उभे राहिले. टॅपेट आपणच आवळले, मिस्त्रींनी काही चोरलं नव्हतं, आणि काल मावशींसमोरही आपण आधी खोटंच बोललो, हे सगळं त्यांनी सांगितलं.

“जाऊ द्या हो, एवढं काय मनाला लावून घेता,” एकजण म्हणाला.

“कसं जाऊ द्यायचं?” निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले. त्यांची मान खाली होती. “मी ही गोष्ट माझ्या सुनेला सांगितली, तिने शाळेच्या फाटकावर सांगितली. मिस्त्रींनी वीस वर्षं माझी गाडी सांभाळली. आणि मी त्यांना एका शब्दाने विचारलं नाही.”

संध्याकाळी डॉक्टर आणि पोस्टमास्तर मिस्त्रींच्या घरी गेले आणि मुलीसमोर हेच पुन्हा बोलले. मुलीने वडिलांकडे पाहिलं. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उभे होते, त्यांचे खांदे हलत होते.

दोन महिन्यांनी गॅरेजचं शटर उघडलं. निम्मी गिऱ्हाइकं परतली, निम्मी नाही. संशय एकदा बसला की काहींच्या मनातून तो जातच नाही. डॉक्टरांच्या गाडीला मावशींनी नवा व्हॉल्व्ह बसवला. पुढच्या सर्व्हिसिंगसाठी डॉक्टरांनी मिस्त्रींना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “इतक्यात नको.” डॉक्टरांनी ते मान्य केलं.

वाचकहो, आपल्या घरातही रोज काहीतरी बिघडतं, हरवतं, फुटतं. तेव्हा कामवाल्या बाईकडे, वायरमनकडे, मिस्त्रीकडे बोट दाखवण्याआधी नीट तपासा, आपले हात आधी तपासा, आणि त्या माणसाला समोर बसवून एकदा विचारा. चारचौघांत कुणाला चोर म्हटलं असेल आणि ते खोटं ठरलं, तर माफीही त्याच चारचौघांत मागा. लाज वाटेल. ती वाटायलाच हवी.