पाचटातला आवाज

मी एक जुना रातकिडा आहे. हसू नका मित्रांनो, आमच्यात दोन महिने जगला की तो म्हातारा! करकंबजवळ रावजींच्या वावरात माझा जन्म झाला. ऊस तुटून गेला, मागे वाळक्या पानांचं पाचट राहिलं. तेच माझं घर. माझ्या पाठीवर पिवळा ठिपका आहे. तो देवयानीताईंनी लावला. त्या बार्शीच्या कॉलेजात शिकवतात आणि आम्हा रातकिड्यांचा अभ्यास करतात. "काय खणखणीत आवाज आहे याचा!" असं त्या म्हणाल्या, तेव्हा मी टम्म फुगलो होतो.

पण आवाज म्हणजे जिवाला घोर. पंख घासून गायलं की मादी येते, तसा बेडूकही येतो. माझे गाणारे भाऊ एकेक करून त्याच्या पोटात गेले. शेजारचे दोघे मात्र पक्के. ते गप्प बसतात आणि माझ्या गाण्यावर आलेली मादी मधल्यामध्ये पळवतात. आयत्या बिळावर नागोबा! अशांची पिलंही मोठी होऊन गप्पच बसतात. असे गप्प बसणारे वाढले, गाणारे सरत आले. उद्या सगळेच गप्प बसले तर माद्यांना बोलावणार कोण? या काळजीनं माझा दिवसाही डोळा लागत नाही.

काल संध्याकाळी रावजी काडेपेटी घेऊनच आले. पाचट जाळू नका म्हणत देवयानीताईही मागोमाग आल्या.

"ताई, हितं आता काय जित्तं न्हाय. वावर गप्प हाय की."

"काका, पाय वाजले की ते गप्प होतात. जरा बांधावर बसू या ना."

"बसू की. पर दिवेलागणीपत्तुर एक बी वरडला न्हाय, तर पाचट पेटवनार बगा."

बेडूक समोरच्या ढेकळाआड टपलेला. शेजाऱ्यांकडे पाहिलं, तर ते ढिम्म. आमची अंडी याच मातीत होती. भीत भीत मी पंख घासले. बेडूक वळला, एक उडी जवळ आला. मी थांबलो नाही. तेवढ्यात शेजाऱ्यांपैकी एकानं जन्मात पहिल्यांदा चिर्रर्र केलं! बेडूक आमच्या दोघांच्या मधोमध गोंधळून बसला.

"हायत की वो!" म्हणत रावजींनी काडेपेटी खिशात टाकली.

बेडूक अजून तिथंच आहे, मित्रांनो. आज कोण गाईल, ठाऊक नाही. माझी एवढीच विनवणी आहे, काडी ओढण्याआधी पाय न वाजवता थोडं बसा. गप्प झालेलं रान पुष्कळदा नुसतं घाबरलेलं असतं.