चेनवाला लांडगा

आईने रिमोटवर अंगठा दाबून आवाज वाढवला. पडद्यावर लांडगा झालेला माणूस गढीच्या गच्चीवर चढला, चंद्राकडे बघून ओरडला आणि वळला. पाठीवरची चेन मानेपासून कमरेपर्यंत चकाकली.

"दिसली!" लेकीने टाळी वाजवली. "लांडग्याला चेन कुणी लावली गं?"

"मी," आई म्हणाली, आणि दोघी खो खो हसल्या.

महिन्या-दोन महिन्यांनी जावई घरात नसला की हा त्यांचा उद्योग चालायचा. सिनेमा टाकाऊ आहे याबद्दल दोघींचं एकमत होतं. त्यात पौर्णिमा सलग पाच रात्री यायची, मशाली घेऊन धावणाऱ्या जुन्या काळच्या गावकऱ्यांच्या मनगटावर घड्याळं असायची आणि नायिकेने तोंड उघडायच्या आधीच तिची किंकाळी यायची. पण लांडग्याच्या कातड्यात लेकीचे बाबा होते. चेहरा एकदाही दिसत नव्हता, तरी चाल त्यांचीच होती, उजवा खांदा जरा खाली. कातडं शिवलं होतं आईने. ती तेव्हा सिनेमाच्या कपडेपटात कामाला होती.

मध्यंतर झालं की आई टीव्ही बंद करायची. पुढे काही राम नाही, म्हणायची.

आज लेकीने रिमोट काढून घेतला.

"आज शेवटपर्यंत. बाबांना मारतात कसे ते तरी बघू दे मला."

आई पाण्याच्या निमित्ताने उठली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली.

"अरेच्चा, चेन कुठे गेली?" थोड्या वेळाने लेकीने विचारलं.

"झाकली. दिग्दर्शक ओरडला माझ्यावर."

ओरडला म्हणजे त्याने चारचौघांत तिची लाज काढली होती. मग तिने ईर्ष्येने केसाळ पट्टी शिवली, चेनवर बसणारी, बावीस हुकांची. हुक बाहेरून लावायचे. आतल्या माणसाचा हात तिथे पोचत नसे. आधी ती दर शॉटनंतर चेन खाली ओढून त्यांना वारा घालायची. त्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये सगळे दिवे पेटलेले असताना मुखवट्याच्या आतून ते म्हणाले होते, जरा उघड गं. आणि ती वैतागून म्हणाली होती, एकच शॉट राहिलाय, पुन्हा बावीस हुक कोण लावत बसणार?

हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी लिहिलं. चार वर्षांच्या लेकीला तिने तेवढंच सांगितलं, आणि लेक मोठी झाली तरी पुढचं सांगायला तिची जीभ रेटली नाही. निर्मात्याने तो शॉट सिनेमात तसाच ठेवला. दुसरा घ्यायला लांडगा नव्हता.

पडद्यावर नायकाने बंदूक उचलली. गोळी सुटायच्या आधीच लांडगा गुडघ्यांवर आला. त्याने एक हात पाठीकडे नेला, तो पोचला नाही, दुसरा नेला. मग तो कुशीवर कलंडला आणि एक पाय झाडून निपचित पडला. बंदुकीचा आवाज त्यानंतर आला.

लेक हसत सुटली. पोट धरून हसली.

"अगं, गोळीच्या आधीच मेले! आणि मरताना पाठ काय खाजवतायत!" तिने डोळे पुसले. "बाबांना मरायचं नाटकसुद्धा धड जमलं नाही गं."

सगळं आईच्या ओठांवर आलं होतं. इतक्या वर्षांत कधी आलं नव्हतं इतकं जवळ. पण लेकीजवळ बाबांचा हालता-चालता असा हा एवढाच तुकडा होता, आणि खरं सांगायचं तर आई भित्री होती.

"पहिलीच वेळ होती त्यांची," ती म्हणाली.

लेकीला पुन्हा हसू फुटलं. रिमोट आईच्या हातात देत ती म्हणाली, "तेवढंच परत लाव ना."

आईने लावलं. या वेळी लेकीबरोबर तीही हसली.