डाव्या हाताचं घड्याळ

त्या दिवशीही वडील जागे व्हायच्या आत तिने इस्त्री उरकली. तिच्या मनगटात त्यांचं जुनं ऑटोमॅटिक घड्याळ होतं; सैल पट्टा कोपरापर्यंत घसरत होता. हात पुढे-मागे झाला की आतलं अर्धगोल वजन घरंगळे आणि स्प्रिंग भरत जाई. मग तिने ते हळूच त्यांच्या डाव्या हातावर बांधलं.

वडील घड्याळजी. अर्धांगाच्या झटक्याने डावं अंग गेलं, त्याला वर्ष होत आलं होतं. या घड्याळाला चावी देता येत नसे. बाजूच्या कळीने नुसते काटे सरकत. हात हलला तरच ते चालणार. उजव्या हातात बांधा, असं तिने सुचवून पाहिलं होतं. उजवा हात चिमट्याचा, त्यात घड्याळजी घड्याळ बांधत नाही, असं त्यांनी सुनावलं, आणि सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणून स्वतःच हसले. पण घड्याळ बंद पडलं तेव्हा भिंतीकडे तोंड करून निजले, जेवलेही नाहीत. तेव्हापासून तिची पहाटेची इस्त्री सुरू झाली.

परगावी राहणाऱ्या दादाचा फोन आला की घड्याळ चालतंय म्हणजे हात हलतोय, असं वडील ऐटीत सांगत. मग काय, ठणठणीतच आहात, म्हणून दादा येणं पुढे ढकली. जिभेवर आलेलं ती गिळून टाकी.

त्या सकाळी वडिलांनी उजव्या हाताने डावा उचलून घड्याळ कानाशी नेलं.

"पट्टा ऊबदार लागतोय."

"इस्त्री जवळच होती, बाबा."

"हं. फार दमत जाऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी ती घड्याळ बांधायला गेली, तर हात गार होता.

दादा आला, चार माणसांत रडला आणि मुलाचा हक्क म्हणून घड्याळ घेऊन गेला. महिन्याभराने तेच घेऊन दारात उभा. शोकेसमध्ये मांडलं आणि दोन दिवसांत बंद पडलं, अशी तक्रार.

"बाबा अंथरुणावर होते तरी चालत होतं. तूच उघडून काहीतरी बिघडवलंस ना? घड्याळजीची लेक पडलीस."

तिने ते हातात घेऊन जरा हलवलं. काटा चालू लागला.

"त्यात बिघाड नाही, दादा. बाबांचा हात वर्षभर हललाच नाही. हे माझ्या हातावर चालत होतं. बाबांना ते कळलं होतं. आणि हे बंद पडलं असतं तरी तू आला नसतास, हेही."