किल्लीची ओळख

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीचे डोके आहे. दचकू नका. गॅरेजातले लोक मला डोकेच म्हणतात. खरे तर मी वहीएवढी, चपटी, धातूची एक पेटी. बॅटरीच्या मागे, इंजिनाच्या अंगाशी मला स्क्रूंनी घट्ट बसवले होते. पोटात एक हिरवी पाटी, तिच्यावर मुंगीएवढाले भाग, आणि एका बाजूला वायरींचा जाड जुडगा. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचे, ठिणगी कधी पाडायची, हे मी ठरवत असे.

माझा जन्म एका लख्ख कारखान्यात झाला. तिथे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला तापवले, गारठवले, गदागदा हलवले. मला कशाचीच भीती वाटली नाही. कारण तेव्हा माझ्यावर कुणी विसंबून नव्हते.

माझ्याकडे आणखी एक काम होते. गाडीच्या किल्लीच्या मुठीत एक बारीक दाणा असतो. किल्ली फिरली की तो आपली ओळख सांगतो. ओळख पटली तरच मी इंजिन चालू राहू देत असे. चोराने हुबेहूब किल्ली घासून आणली असती तरी मी ऐकले नसते. घरच्या माणसांची किल्ली मला पाठ होती, आणि त्याचा मला अभिमान होता.

ती माणसे म्हणजे शिवणयंत्रे दुरुस्त करणारे एक काका आणि त्यांच्या पत्नी. गॅरेजात सगळे त्यांना काका-काकू म्हणत, म्हणून मीही म्हणते. काकूंचा स्वभाव बोलका. गाडी चढावर न कुरकुरता चढली की त्या पुढच्या काचेखालच्या फळीवर थाप मारून म्हणत, "शहाणी गं माझी." काका म्हणत, "मला इतक्या वर्षांत कधी म्हणाली नाहीस." काकू म्हणत, "तुम्ही कधी चढलात?" मी आत बसून ऐकत असे. ते दिवस चांगले होते.

मग काकूंची मूत्रपिंडे थकली. आठवड्यातून तीनदा काका त्यांना गाडीने इस्पितळात नेऊ लागले. तिथे यंत्राला जोडून त्यांचे रक्त धुतात. जाताना त्या बोलत जात, येताना पिळलेल्या फडक्यासारख्या सीटवर पडून येत. एकदा भाड्याच्या गाडीतून येताना त्यांना भोवळ आली. चालक घाबरला आणि दोघांना रस्त्याच्या कडेला उतरवून निघून गेला. तेव्हापासून काका दुसऱ्या कुणाची गाडी नको म्हणत. आपलीच बरी, आपली आपल्याला टाकून जाणार नाही, असे ते म्हणत.

मित्रांनो, ते वाक्य मला ऐकवेना. कारण तोवर मला कळले होते की मी आजारी आहे.

माझ्या पाटीवरच्या एका डाख दिलेल्या टाक्याला केसाएवढी चीर गेली होती. गार असताना ती मिटलेली असे. इंजिन तापले, मी तापले, की ती उघडे आणि मी सगळे विसरून जाई. पेट्रोल विसरे, ठिणगी विसरे. अंगातून काहीतरी सुटून गेल्यासारखे वाटे, आणि इंजिन बंद.

पहिल्यांदा हे झाले ते पुलावर, भर दुपारी, इस्पितळातून परतताना. काकूंचे डोळे मिटलेले होते. स्टिअरिंग एकदम जड झाले. मागून बस येत होती. तिचा ब्रेक करकचून लागला आणि ती अगदी टेकता टेकता थांबली. काका किल्ली फिरवत होते, फिरवत होते. ती किल्ली माझ्या ओळखीची होती, पण तिला ओ द्यायला मी जागेवर नव्हते. थोड्या वेळाने मी निवले आणि गाडी सुरू झाली, जसे काही झालेच नव्हते. पेट्रोलात भेसळ आहे असे समजून काकांनी पेट्रोलपंपवाल्याला शिव्या घातल्या आणि दुसऱ्या पंपावर जाऊ लागले.

मी सांगायचा प्रयत्न केला. माझ्याजवळ एकच तोंड होते, वेगाच्या काट्याशेजारचा पिवळा दिवा. तो मी लावला. काकूंना तो डोळ्यांत खुपू लागला. सुई काढल्यावर हातावर लावलेली चिकटपट्टी त्यांनी सोलली आणि दिव्यावर चिकटवली. म्हणाल्या, "झोप आता." त्यात राग नव्हता. पण माझे तोंड बंद झाले.

त्यानंतर प्रत्येक फेरीला मी भीत असे. फाटक आले की वाटे, रुळांवर नको. उतार आला की वाटे, इथे नको. इंजिन तापू लागले की मी आतल्या आत अंग आकसून बसे, जणू त्याने ती चीर मिटणार होती.

गाडी गॅरेजात गेली. तिथल्या मिस्त्रींनी गाडीतला पेट्रोलचा पंप बदलला. मग प्लग बदलले. बिचारे प्लग, त्यांचा काही दोष नव्हता. गाडी पुन्हा बंद पडली, पुन्हा आली. मिस्त्री बॉनेट उघडून सावलीत ठेवत, सकाळी गार इंजिन चालू करून बघत. ते झकास चाले. मिस्त्री वैतागून म्हणाले की ही माझ्या दारात आली की शहाण्यासारखी वागते.

काका आपल्या दुकानात गेले होते. काकू तिथेच स्टुलावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मलाही डॉक्टरांसमोर काही होत नाही. घरी गेल्यावर होतं. तुम्ही हिला आराम देऊन तपासताय. दमवून तपासा ना."

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. वायरींचे काम करणाऱ्या ताईंना बोलावले. ताईंनी इंजिन चालू ठेवून एकेका भागावर गरम हवा सोडली. माझी पाळी आली. मला वाटले, लपावे. मग वाटले, सापडावे. ऊब वाढली, चीर उघडली आणि इंजिन थांबले.

मिस्त्रींनी फोन लावला. "काका, डोकं गेलंय. बदलावं लागेल."

पलीकडे शिवणयंत्राची घरघर थांबली. मग काकांनी हळूच विचारले, "तिला काय झालं?"

काकूंनी फोन ओढून घेतला. "माझं नाही हो, गाडीचं. माझं शाबूत आहे. या तुम्ही."

काका आले तोवर मोडीत निघालेल्या एका गाडीतून ताईंनी माझ्यासारखीच पेटी आणली. मला काढून तिला बसवले. इंजिन सुरू झाले आणि लगेच विझले. पुन्हा तसेच. ती पेटी काकांची किल्ली ओळखत नव्हती. ओळख फक्त माझ्या पोटात होती आणि ती माझ्यातून त्या पेटीत उतरवावी लागणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंची इस्पितळाची फेरी होती.

ताईंनी मला टेबलावर ठेवले, झाकण उघडले, वायरी जोडल्या. त्या म्हणाल्या, "उतरवताना ही मध्येच झोपली तर सगळं अर्धवट राहील. दुसरी पेटीही वाया जाईल."

मित्रांनो, पुलावरही मी इतकी भ्याले नव्हते. माझ्यातून वीज वाहू लागली. किल्लीची एकेक खूण बाहेर जाऊ लागली. मी तापू लागले. चिरेच्या कडा सुटू लागल्याचे मला कळत होते, आणि सांगायला दिवाही नव्हता.

तेवढ्यात अंगावर वारा आला. काकूंनी स्टूल जवळ ओढले होते आणि प्लगच्या रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्याने त्या मला वारा घालत होत्या. काका म्हणाले, अगं दमशील, मी घालतो. काकू म्हणाल्या, "नळ्या लावलेल्या माणसाला कसं वाटतं ते तुम्हाला काय माहीत? गप बसा."

त्यांचा हात थांबला नाही. चीर उघडायच्या बेतात राहिली, पण उघडली नाही. शेवटची खूण गेली. ताईंनी वायरी काढल्या.

नव्या पेटीने किल्ली ओळखली. इंजिन सुरू झाले आणि सुरूच राहिले. मला हेवा वाटला नाही, एवढेच सांगते.

काकांनी मला घरी नेले आणि गाडीच्या खोलीत फळीवर ठेवले. तिथून मी रोज ऐकत असे. गाडी बाहेर पडली की माझा जीव टांगणीला लागे, ती परत आली की खाली येई. दोन दारे लागल्याचा आवाज येई. आधी काकांचे, मग त्यांनी उघडून दिलेले काकूंचे.

एका संध्याकाळी एकच दार लागले. त्याआधी काका बराच वेळ गाडीत बसून होते, इंजिन चालू ठेवून. इंजिन एका लयीत चालत होते, कुठेही अडखळत नव्हते. मग काका खोलीतून बाहेर जाताना फळीपाशी थांबले आणि मला म्हणाले, "वाटेत गाडी थांबली नाही हं. पोचलो होतो आम्ही वेळेवर."

काकूंच्या दाराचा आवाज त्यानंतर कधी आला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कामे करून थकलेले कुणी असेल. ते यंत्र असेल नाहीतर माणूस असेल. ते कधी मध्येच थांबले तर त्याला लगेच कामचुकार म्हणू नका. ते घाबरलेले असेल. आधी त्याच्याजवळ बसा. दुरुस्तीचे मग बघू.