वदीहला ऐकू येणारी घरघर

चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना चर्चमध्ये झाली, पाहुणे बिनसाखरेची कॉफी पिऊन गेले, आणि अफीफाने दिराला, तौफीकला, सांगून टाकलं, की तो काळा डबा आजच्या आज उचलून ने. डबा म्हणजे तिच्या नवऱ्याचा, वदीहचा, सबवूफर, गाण्यांचा ठोका घुमवणारा स्पीकर. वदीह गेल्यापासून रीतीप्रमाणे घरात गाणं नव्हतं की टीव्ही नव्हता, पण तो मुका डबासुद्धा तिच्या डोळ्यांत खुपत होता. सगळं त्याच्यापासूनच तर सुरू झालं होतं!

गेल्या उन्हाळ्यात वदीह म्हणायला लागला, वूफर घरघरतोय, गाणं बंद असलं तरी. अफीफा कान देऊन बसली. तिला काही ऐकू येईना. आता तिचे कान काही तरुण राहिले नव्हते, पण हे तिला सांगणार कोण? दुरुस्तीवाला आला तेव्हा नेमकी सरकारी वीज गेलेली आणि गल्लीतला जनरेटर धडधडत होता. तो हसून म्हणाला, काका, अख्खं बैरूत घरघरतंय, तुमच्या डब्याचं काय घेऊन बसलात? वदीह म्हणाला, जनरेटर मी ओळखतो, हा दुसरा आवाज आहे. इथेच बिचारा फसला. म्हाताऱ्याला दुसरे आवाज ऐकू येतात म्हटल्यावर लोक काय समजायचं ते समजतात.

त्याने हट्ट सोडला नाही. एकेक वायर काढून बघायचा, परत लावायचा. सगळ्या काढून झाल्या, एक सोडून. ती टीव्हीची. मालिका दणक्यात ऐकू याव्यात म्हणून अफीफानेच टीव्ही त्या डब्याला जोडून घेतला होता. एकदा त्याने त्या वायरीला हात लावला आणि ऐन लग्नाच्या प्रसंगात मालिकेचा आवाज गेला. अफीफाने त्याला असं काही झापलं, की पुन्हा तो त्या वायरीच्या वाटेला गेला नाही.

मग तिने मॉन्ट्रियलला लेकीला फोन केला, की तुझ्या बाबांना भास होतात. रंदा धावत आली. ती होती तेव्हाही जनरेटरच चालू असायचा. तिलाही वेगळं काही ऐकू आलं नाही, आणि ती बापाशी अडीच वर्षांच्या पोराशी बोलावं तशी बोलायला लागली. डॉक्टरने गोळ्या दिल्या. गोळ्यांनी वदीह गप्प झाला, गाणी लावायचा थांबला, गॅलरीतल्या खुर्चीत पेंगत बसायचा. एकदाच त्याने विचारलं होतं, "अगं, तुला खरंच नाही का ऐकू येत?"

"नाही. आणि तुलाही येत नाही," अफीफा म्हणाली होती.

हिवाळ्यात तो त्या खुर्चीतच गेला.

डबा नेण्याआधी चालतो का बघू, म्हणून तौफीकने बटण दाबलं. तेवढ्यात सरकारी वीज आली, जनरेटर थांबला, गल्ली शांत झाली. तौफीकने मान तिरकी केली.

"वहिनी, हा घरघरतोय की."

"आता तू सुरू झालास? तुमच्या घराण्यातच आहे वाटतं."

त्याने तिचा हात धरून डब्याच्या जाळीवर ठेवला. हाताला बारीक थरथर लागली, मांजराच्या पोटावर हात ठेवला की लागते तशी. तौफीक वायरी काढत गेला, थरथर चालूच राहिली. शेवटी त्याने टीव्हीची वायर उपसली आणि तिच्या हाताखालचं सगळं एकदम थांबलं.

तो खूश झाला. गच्चीवरच्या डिशमधून टीव्हीच्या वायरीने येत होती म्हणाला घरघर, एवढंसं तर होतं, वदीहला कसं सापडलं नाही?

"मी सापडू दिलं नाही," अफीफा म्हणाली. "ती वायर परत लाव."

तौफीकने वायर लावली. एक हात जाळीवर ठेवूनच तिने लेकीला फोन लावला.

"रंदा, तुझ्या बाबांना भास होत नव्हते गं. मलाच ऐकू येत नव्हतं."



"मग त्या गोळ्या कशाच्या होत्या, आई?"

हाताखाली डबा घरघरत होता.