आयरिशसाठी दोन दाबा

फिंटनने बायकोच्या, नान्साच्या, डाव्या हाताची बोटं दाराच्या फटीत धरली आणि दुसऱ्या हाताने दार ओढून घेतलं. हाड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, दुखणं मागाहून आलं. कारण एवढंच, की सकाळी दुकानात ती टपालवालीशी आयरिशमध्ये दोन वाक्यं बोलली होती आणि दोघी हसल्या होत्या. त्या आपल्यालाच हसल्या, असं फिंटनच्या डोक्यात बसलं. घरी येईपर्यंत गाडीत तो एक अक्षर बोलला नाही, आणि तो गप्प असला की काय होणार हे तिला माहीत होतं.

नान्सा रॉसगालाची. आयर्लंडच्या पश्चिमेला, कॉनेमाऱ्याच्या त्या खडकाळ किनाऱ्यावर तिच्या बापाचं घर होतं, आणि पन्नाशीला आली तरी गावात तिला बापाच्याच नावाने ओळखत, नान्सा बार्टली. बोटीवर, चर्चमध्ये, भांडणात, मयताला, सगळीकडे आयरिशच ऐकत ती वाढली. इंग्रजी तिला छान यायचं. गॉलवेच्या इस्पितळात तिने वर्षानुवर्षं म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलली ती इंग्रजीतच. पण शिवी घालायची, देवाला हाक मारायची किंवा मांजराला हुसकायचं झालं की जीभ आपोआप आयरिशकडे वळायची.

फिंटन देशाच्या मधल्या सपाट मुलखातला. रस्त्याच्या कामावर जेसीबी चालवायला तो इकडे आला. देखणा, गप्पिष्ट, दारूला न शिवणारा. बाप गेल्यावर ती त्याच्याशी लग्न करून त्याला घेऊन घरी राहायला आली. पहिलं वर्ष बरं गेलं. मग तो म्हणू लागला, माझ्यासमोर मला कळेल असं बोलायचं. बहीण सॅलीशी ती फोनवर बोलत होती तेव्हा त्याने पहिली थप्पड मारली. त्यानंतर सॅलीचा फोन बंद झाला, मग शेजाऱ्यांचं येणं बंद झालं, मग नान्साचा मोबाइल त्याच्या खिशात गेला. साऱ्या देशाला शिकवतात तशी त्यालाही शाळेत आयरिश शिकवली होती. मास्तराने कानशिलात वाजवून वाजवून शिकवली, असं तो सांगायचा. त्यातलं पाणी, दार, कुत्रा, पोलीस, वाचवा असे मोजके शब्द आणि संडासला जाण्याची परवानगी मागायचं एक वाक्य एवढंच त्याच्याकडे उरलं होतं. ते वाक्य तो तिला म्हणायला लावायचा. घरात, तिच्या बापाच्या घरात, संडासला जाण्याआधी तिने मास्तरांसमोर उभं राहावं तसं उभं राहून ते म्हणायचं. एकदा ती म्हणाली नाही, तर त्याने तिला लाथ मारून कोळशाच्या ढिगावर पाडलं आणि अंगावर पाय देऊन उभा राहिला.

बोटं मोडल्यावर त्याने स्वतःच ती फळीचा तुकडा लावून बांधली. इस्पितळात न्यायचं नाव काढलं नाही. उलट त्याला नवीनच सुचलं. फाटकापाशी दगडी भिंत घालून रस्ता बंदच करायचा, म्हणजे कुणी यायला नको आणि जायला नको. दुसऱ्या दिवशी त्याने जेसीबी आणून पाया खणायला घेतला, आणि यंत्राच्या दाताने रस्त्याखालची पाण्याची वाहिनी फोडली. पाणी शेतातून धो धो वाहिलं आणि घरातले नळ कोरडे पडले. आत येऊन त्याने पहिला राग नान्सावर काढला. वाहिनी कुठून जाते हे तुझ्या बापाचं घर असून तुला ठाऊक नाही, असं म्हणत त्याने तिच्या बरगडीत गुडघा घातला. काहीतरी आत कट्कन वाजलं. त्यानंतर तिला पुरता श्वासच घेता येईना.

मग त्याने पाणीखात्याच्या कचेरीला फोन लावला. फोनवरच्या बाईने ध्वनिमुद्रित आवाजात सांगितलं, इंग्रजीसाठी एक दाबा, आयरिशसाठी दोन दाबा. त्याने एक दाबला. बराच वेळ सारंगीचं तेच ते संगीत वाजलं आणि लाइन तुटली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्याने फोन टेबलावर आपटला, आणि नान्साकडे बघून त्याला हसू आलं.

"तुझ्या त्या भाषेत कोण मरायला फोन करतंय? तिथे रांगच नसणार. तू बोल," तो म्हणाला. "पण नळाचं सोडून दुसरा शब्द तोंडातून काढलास, तर उरलेली बोटं आहेतच."

त्याने फोन स्पीकरवर टाकून दोन दाबला, तिला खुर्चीत बसवलं, शेजारी खुर्ची ओढून बसला आणि तिच्या मानेवर हात ठेवला.

फोन लगेच उचलला गेला. पलीकडची बाई डोनेगलकडची होती हे पहिल्याच शब्दाला कळलं. तिने आपलं नाव रोशा सांगितलं आणि काय मदत करू म्हणून विचारलं. उत्तरेची ती आयरिश तिने रेडिओवर ऐकली की अर्धी डोक्यावरून जायची. आपलं खेड्यातलं बोलणं हिला कितपत कळणार? आणि कळेल असं सोपं बोलावं, तर ते शाळेतलं सोपं फिंटनलाही कळणार.

तिने आधी पाण्याचं सांगितलं. पाणी हा शब्द आला तसा फिंटनने समाधानाने मान हलवली. मग, त्याच सुरात, आवाज न चढवता, घरगुती, आडवळणी आयरिशमध्ये ती म्हणाली, "आणि बाई, माझ्याकडे एक एडका आहे. मातलाय. काल त्याने माझी बोटं मोडली, आज बरगडी मोडली. एक दिवस जीव घेईल."

मग रोशा म्हणाली, "माफ करा, नीट कळलं नाही. एडक्याने वाहिनी फोडली का?"

मानेवरची बोटं आवळली गेली. फिंटनने डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? ती डोनेगलची आहे, तिला माझं बोलणं समजत नाही, असं नान्साने इंग्रजीत सांगितलं. ते खरंच होतं, म्हणून ते खोटं वाटलं नाही. फिंटन खुशीत हसला. दोघी त्याच भाषेच्या आणि एकमेकींना समजत नाहीत, याची त्याला फार मजा वाटली.

"पुन्हा सांगते," नान्सा म्हणाली. "हा एडका दोन पायांचा आहे. चर्चमध्ये माझ्याशी बांधला गेलाय. आत्ता शेजारी बसून ऐकतोय आणि त्याचा पुढचा पाय माझ्या मानेवर आहे."

फोनमध्ये दूर कुणीतरी खोकत होतं, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग रोशाचा आवाज आला तो अगदी कोरडा, कारकुनी. तिने मीटरचा क्रमांक विचारला, घराचा पत्ता विचारला, सावकाश परत वाचून दाखवला. आणि त्याच कोरड्या आवाजात विचारलं, "एडक्याला शिंग आहे का?"

"आहे. दोन नळ्यांचं. चुलीवर टांगलंय."

"आमचा माणूस निघेपर्यंत त्याला चारापाणी घालत राहा. भांडू नका. मी लाइनवर नसले तरी इथेच आहे," रोशा म्हणाली. आणि मग एकदम मोठ्याने, इंग्रजीत, "दुरुस्तीवाला आज दुपारीच येईल. घरी कुणीतरी असायला हवं. ठीक आहे?"

"ठीक आहे," फिंटननेच उत्तर दिलं आणि फोन बंद केला.

तो उठला, खिडकीशी गेला, परत आला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत होतं. शाळेतल्या कुठल्यातरी गाण्यात गाईचं शिंग होतं, ते त्याला आठवलं असावं.

"शिंग म्हणाली ती. पाण्याच्या नळाशी शिंगाचा काय संबंध?"

"गाडीचा हॉर्न तो," नान्सा म्हणाली. "म्हणजे... फाटकाशी येऊन हॉर्न वाजवतील, असं म्हणाली."

त्याने ते तोंडात घोळवलं. पटलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. मग त्याने तिचे केस धरून डोकं टेबलावर आपटलं, एकदाच, जणू पावती द्यावी तसं, आणि चहा टाकायला सांगितलं. तिने पिंपातलं पावसाचं पाणी चुलीवर ठेवलं. नाकातून रक्त गळत होतं ते ओठांवरून चाटत तिने त्याला बटाटे तळून दिले, अंडी दिली, वर ब्रेड दिला. तो खात होता तोवर तिचा जीव त्याच्या घासात अडकला होता.

दुपारी फाटकाशी गाडीतून पिवळ्या जाकिटातला एक जाडसर माणूस फावडं घेऊन उतरला. मागे एक तरुण होता. फिंटन दारात गेला आणि तिथेच थबकला. जाडसर माणूस फुटलेल्या वाहिनीतून वाहणाऱ्या पाण्यातून सरळ चालत आला. त्याने खाली पाहिलंच नाही. तो घराकडे पाहत होता.

फिंटन वळला. तीन ढांगांत तो चुलीपाशी आला आणि त्याने दुनळी बंदूक खाली ओढली. कोल्ह्यांसाठी घेतलेली, परवान्याची. नान्साने चुलीतला लोखंडी चिमटा उजव्या हाताने उचलून त्याच्या मनगटावर हाणला. त्याने बंदुकीच्या दस्त्याने तिला बाजूला सारलं, तिचं डोकं चुलीच्या दगडावर गेलं, आणि नेमकी तिच्या डाव्या कानाशी बंदूक उडाली. जगातला आवाज एका बाजूने विझला. दाराच्या खालच्या फळीचा भुगा झाला आणि पलीकडे पिवळ्या जाकिटातले पोलीस सार्जंट टीर्नान मांडी धरून पाण्यात बसले.

दुसरी नळी भरलेली होती. फिंटन ती दाराकडे रोखत होता तेव्हा नान्सा उठली. कशी उठली ते तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. तापलेल्या चिमट्याचा पहिला घाव त्याच्या कानशिलावर बसला, दुसरा जबड्यावर. बंदूक पडली. तो गुडघ्यांवर आला, मग कुशीवर, आणि ती मारतच राहिली. तोंडाने ती आयरिशमध्ये बोलत होती. इतक्या वर्षांत घरात न बोललेलं सगळं, शिव्या, प्रार्थना, बापाचं नाव, आणि ते संडासचं वाक्य, पुन्हा पुन्हा, प्रत्येक घावाला. तरुण पोलिसाने मागून विळखा घालून तिला ओढलं तेव्हा फिंटनचा चेहरा ओळखू येत नव्हता. पोलीस तिला आपल्याकडे वळवून सांगत होता, बस झालं, मावशी, बस झालं. त्याचे ओठ हलताना तिला दिसत होते.

फिंटन वाचला. जबडा तारांनी बांधावा लागला, एक डोळा गेला. सार्जंट लंगडत कामावर परतले. नान्सावरही चौकशी बसली. घाव किती आणि कुठवर स्वसंरक्षण, हे सरकारी वकिलांनी बराच काळ चघळलं आणि शेवटी सोडून दिलं. खटल्यात तिने साक्ष आयरिशमध्ये दिली. तिला विचारलं होतं, कुठली भाषा, आणि तिने सांगितलं होतं. फिंटनला दुभाषा कानात सगळं सांगत होता. तो खाली पाहत बसला होता. त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली.

इतके दिवस बहीण सॅलीकडे राहून वसंतात ती परत आपल्या घरी आली. तिच्या पाठोपाठ एका रविवारी रोशा आली, बसने, सोबत सोडा घालून भाजलेला पाव घेऊन. फोनवर वाटली त्याहून खूप तरुण होती. दोघी जेवायला बसल्या आणि बटाट्याला काय म्हणायचं यावरून जुंपली. तुमच्याकडचा शब्द चुकीचा, नाही तुमच्याकडचा. रोशाने कबूल केलं, की पहिल्यांदा तिने खरंच गुरांच्या डॉक्टरचा नंबर शोधायला घेतला होता. नान्सा इतकी हसली, की तिला बरगडी धरावी लागली.

तेवढ्यात दारावर थाप पडली. नान्साचा हात टेबलावरच्या सुरीवर गेला, ते रोशाने पाहिलं.

दारात बांधापलीकडचा लारी होता. सत्तरीचा, एकटा, तिच्या बापाबरोबर बोटीवर असलेला. हातात आत्ताच समुद्रातून काढलेल्या बांगडा मासळीची पिशवी होती. इतक्या वर्षांत तो या अंगणात आला नव्हता.

नान्साने चांगला कान त्याच्याकडे केला.

"लारीकाका, तुमच्या अंगणात माझं ओरडणं ऐकू यायचं?"

त्याने टोपी काढली. "यायचं, पोरी."

"ही बाई देशाच्या पार त्या टोकाची. तिला माझं निम्मं बोलणं कळत नव्हतं. तुम्हाला तर शब्द न् शब्द कळत होता."

लारी उभाच राहिला. वाऱ्याने त्याचे पांढरे केस उडत होते. नवराबायकोच्या मध्ये कसं पडायचं, असं काहीसं तो पुटपुटला, आणि मग तेही अर्धवट सोडलं.

नान्साने पिशवी घेतली. या म्हणाली नाही. दार लावून घेतलं, मासे परातीत ओतले आणि पाठ करून, एका हाताची न वळणारी बोटं माशाच्या डोक्यावर दाबून धरत, दुसऱ्या हाताने पोटं चिरायला लागली. बऱ्याच वेळाने रोशाने विचारलं, तो अजून बाहेरच उभा आहे, त्याला काय सांगू?

"उभा राहू दे," नान्सा म्हणाली. "आज उभा राहू दे."